टिबुकलीची बुडी

तळ्यांवर पक्ष्यांचंच राज्य होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका खोल तळ्यात रिंगी नावाची टिबुकली राहायची. तिची बुडी कमळाच्या पानाखाली लपण्यापुरतीच, पण मनात एकच ध्यास होता : तळाशी जाऊन शिंपला आणायचा.

ती म्हाताऱ्या पाणकावळ्याकडे, भिवाआजाकडे गेली. "आजा, मला खोल बुडी शिकवा."

"आधी नुसतं तरंगायला शीक. छाती धडधडत असेल तर श्वास पुरत नाही."

आठवडाभर रिंगी पाण्यावर शांत पडून राहिली. मग आजानं तिला वेताच्या मुळांपर्यंत नेलं, पुढं बुडालेल्या खडकापर्यंत. रोज थोडं खोल, आणि आजा कायम सोबत.

शेवटी तळ गाठायचा दिवस उजाडला. तिची फजिती बघायला बदकं काठावर जमली. आजाबरोबर रिंगी सुळकन खाली गेली. खडक मागं पडला, शिंपला दिसला. चोचभर अंतर उरलं आणि छाती आवळली. क्षणभर तिचा जीव घुटमळला. मग ती वळली आणि वर आली.

"रिकाम्या चोचीनं आली!" बदकं खिदळली. रिंगीचे डोळे भरून आले.

आजानं विचारलं, "इतक्या जवळून का फिरलीस गं?"

"वर यायला श्वास उरला नसता, आजा. तळ काय, उद्याही तिथंच असेल."

आजानं ओले पंख झटकले आणि तो बदकांकडे वळला. "हसा खुशाल. पण उद्यापासून तुमच्या पिल्लांना बुडी हीच शिकवेल."