सागमाळचे दोन खुंट

सागमाळ गावाच्या वेशीबाहेर, उतारावर, दोन दगडी खुंट रोवलेले दिसतात. माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढे त्यांच्यात अंतर आहे. परके लोक त्यांना गुरं बांधायचे खुंट समजतात. गावातले म्हातारे वेस्ताबाबा त्यांना थांबवून सांगतात, की इथे धनुष्याच्या दोऱ्या होतात. सातपुड्यात बाकी सगळीकडे बायका घरातच दोरी करतात, सागमाळात मात्र घरात कोणी करत नाही. असं का, याची गोष्ट ते अशी सांगतात.

फार पूर्वी या गावात सायकी नावाची बाई होती. तिच्यासारखी दोरी अख्ख्या डोंगरात कोणी करत नसे, म्हणे. घरातल्या दोन मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, तागाचा दोरा गुंडाळत जायचा, मध्ये कुठे तोडायचा नाही. पुरेसे पदर झाले की दोन्ही टोकांना बारीक सूत आवळून फासे करायचे, मग मध्यभागी, जिथे तीर टेकतो तिथे, सुताचं वेष्टण द्यायचं आणि वरून मेण चोळायचं. पदरांना टोक नाही म्हणून दोरीला उसवायला जागा नाही, असं सायकी म्हणायची.

तिचं माहेर वरच्या पाड्यावर. तिथे तिचा धाकटा भाऊ दामज्या राहायचा. आई लवकर गेल्यामुळे सायकीनेच त्याला पाठीशी बांधून वाढवलं होतं. त्या वर्षी वरच्या पाड्याने गढीच्या राण्याला वेठीला माणसं द्यायचं नाकारलं. राण्याने पाडा जाळायचं ठरवलं आणि सागमाळला हुकूम पाठवला, माझ्या तिरंदाजांसाठी दोऱ्या करून द्या.

गावाची नाही म्हणायची छाती नव्हती. काम सायकीवर आलं.

तिने दार लावून घेतलं. एकेक दोरी गुंडाळली, फासे केले, आणि मध्यभागी वेष्टण देण्याआधी सुरीने आतले बरेचसे पदर कापले. वरून सूत इतकं घट्ट बसवलं, की बोट फिरवलं तरी कळू नये. राण्याची माणसं पूर्ण ताण देतील तेव्हा दोऱ्या तुटतील आणि दामज्या वाचेल, एवढंच तिच्या मनात होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

ठरल्या दिवशी राण्याचे घोडेस्वार दोऱ्या न्यायला आले. त्यांनी दोऱ्या नेल्या नाहीत. त्यांनी गावातले धडधाकट पुरुष उभे केले आणि त्याच दोऱ्या त्यांच्यात वाटायला सांगितल्या. पुढे सागमाळचे लोक चालणार होते, मागून राण्याचे स्वार.

 बोलावं तर स्वार समोर उभे. गाव पेटवायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? आणि दोऱ्या बदलल्या तर दामज्या मरणार. ती घरात गेली. आढ्याला तिची जुनी दोरी टांगलेली होती, न कापलेली. ती आणून तिने नवऱ्याच्या, जात्र्याच्या, हातात दिली.

"ती ठेव. ही घे," ती म्हणाली.

"का गं? सगळ्या सारख्याच ना?"

"सारख्याच आहेत. पण तू ही घे."

जात्र्या हसला, आणि त्याने ती धनुष्याला चढवली.

असं सांगतात, की पाड्याखालच्या खिंडीत पहिला ताण दिला आणि सागमाळच्या धनुष्यांच्या दोऱ्या फटाफट तुटल्या. मागे वळावं तर स्वारांचे भाले होते आणि वरून पाड्याचे तीर येत होते. लोक रिकामी धनुष्यं धरून उभे राहिले आणि तसेच पडले. जात्र्याने घाबरून, कोणाकडे न बघता, एकच तीर सोडला. सागमाळच्या बाजूने त्या दिवशी सुटलेला तेवढाच तीर. तो दामज्याच्या गळ्यात लागला.

जात्र्या परतला, त्याच्याबरोबर मोजकी माणसं परतली. भुरकी नावाच्या बाईचे दोन्ही मुलगे गेले होते. ती सायकीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सगळ्यांच्या तुटल्या. तुझ्या जात्र्याची कशी तुटली नाही गं?"

 जात्र्याने परत आलेल्या एका धनुष्याची तुटकी दोरी घेतली, नखाने वेष्टण उसवलं. आतले बरेचसे पदर तुटलेले नव्हते, कापलेले होते. 

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस."

"मग ते वाचले असते."

"माझा दामज्या मेला असता."

"तो मेलाच," जात्र्या म्हणाला. "मीच मारला." तो उठून गेला, तो पुन्हा त्या घरात आला नाही.

गावाने सायकीला मारलं नाही, हाकललंही नाही. बायकांनी वेशीबाहेर हे दोन खुंट रोवले आणि तिला सांगितलं, आता दोरी इथे करायची, आमच्या डोळ्यांसमोर. ती म्हातारी होईपर्यंत तिथे बसून दोऱ्या करत राहिली. तिच्या हातचं पाणी मात्र कोणी प्यायलं नाही.

आजही सागमाळात दोरी कोणी कोणाच्या हातात देत नाही. तयार दोऱ्या टोपलीत टाकतात. लोक न बघता हात घालून एकेक उचलतात. करणारीच्या घरचा माणूस सर्वांत शेवटी येतो आणि उरेल ती घेतो. तो ती धनुष्याला चढवून पूर्ण ताणेपर्यंत बाकीचे तिथून हलत नाहीत.