कुलपातल्या सात खोपी

खूप खूप जुनी गोष्ट. एका घनदाट रानात लाकडाच्या सात खोपी होत्या. त्या कोणी बांधल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हते. रीत मात्र सर्वांना ठाऊक होती. आत यावे, चूल पेटवावी, अंग शेकावे आणि निघताना पुढच्यासाठी सुकी लाकडे ठेवावीत.

रानाच्या कडेला दोघे भाऊ राहत. ते मध गोळा करत.

एकदा राजाने त्या खोपी पाहिल्या. "इतक्या जुन्या! या जपायला हव्यात," तो म्हणाला. कारभाऱ्याने धुराने काळ्या पडलेल्या भिंती घासून घेतल्या, चुली उकरून फेकल्या आणि दारांना कुलपे ठोकली.

थोरल्याने विचारले, "कारभारी, वादळात अडकलेल्यानं जायचं कुठं?"

"घरी."

"आणि घर चार कोस लांब असलं तर?"

"मग घरून निघूच नये." शिपाई खो खो हसले.

त्याच हिवाळ्यात गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी थोरला धाकट्याला सापडला तो सातव्या खोपीच्या दाराशी. अंग थंडगार, बोटे कुलपावर आखडलेली.

धाकट्याने दगड उचलला आणि कुलूप फोडले. आत चूल मांडली, जाळ केला. भाऊ काही उठला नाही. तरी त्याने जाळ विझू दिला नाही. शिपायांनी पाच वेळा नवे कुलूप लावले, त्याने पाचही फोडली. शेवटी तेच कंटाळले.

तीन वर्षांनी राजा पाहुण्यांना खोपी दाखवायला आला. सहा खोपी कोसळल्या होत्या, लाकडाचा नुसता भुगा झाला होता. काळीकुट्ट सातवी तेवढी ताठ उभी होती.

"ही कुणी जपली?" राजाने विचारले.

"धुरानं," धाकटा म्हणाला. "धूर बसला की लाकडाला कीड लागत नाही. आणि माणूस आत असला तरच धूर होतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दादा बोलायला गेला होता. तुमची माणसं हसली."

राजाची मान खाली गेली. "तुझ्या भावाच्या नावाचा दगड बसवू इथे."

"दगड नको. त्याला दार हवं होतं."

सहा खोपी पुन्हा उभ्या राहिल्या, कुलपांवाचून. लाकडांची पहिली मोळी कारभाऱ्याला स्वतःच्या डोक्यावर वाहावी लागली. धाकट्याने मात्र राजाला नमस्कार केला नाही.

तात्पर्य: जे माणसासाठी बांधले, ते माणसापासून जपू नये, माणसावाचून ते टिकत नाही.