नसलेल्या पुलाचे सिनेटर

"पूल बांधला, तर पुढच्या निवडणुकीला मी लोकांना देऊ काय? माझं कपाळ?" नदीकाठच्या सभेत सिनेटर ऑर्विल थ्रॅशर गरजले आणि एकच हशा पिकला.

टिली मात्र हसली नाही. तिच्या बापाचे भोपळे नावेतून पलीकडच्या बाजारात जात. यंदा नाव भर नदीत कलंडली आणि सगळं पीक तिच्या डोळ्यांदेखत गटांगळ्या खात समुद्राकडे निघून गेलं! पुढचा हंगामही असाच बुडाला, तर गाव सोडायची पाळी येणार होती.

थ्रॅशरसाहेब पहिल्यांदा अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता त्या पांढऱ्याफेक झाल्या. किती राष्ट्राध्यक्ष आले नि गेले, पण साहेब जागचे हलले नाहीत! दर निवडणुकीला नदीकाठी यायचं, पाण्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "इथे पूल होणार!" लोकही भाबडे, टाळ्या वाजवून मतं देत. अख्खी कारकीर्द त्या नसलेल्या पुलावर उभी होती.

"साहेब, आमच्या भोपळ्यांना पोहता येत नाही हो!" टिली पुढे येऊन म्हणाली.

"मग ऐक पोरी," साहेबांनी मिशीला पीळ दिला. "पूल झाल्यावरही मला जन्मभर पुरेल, असं दुसरं आश्वासन शोधून दे. उद्याच पाया खणतो! नाही जमलं, तर पुन्हा पुलाचं नाव काढायचं नाही!"

टिलीने जरा डोकं खाजवलं.

"साहेब, आमच्या गोठ्याचं छप्पर गळतं. 'यंदा नक्की दुरुस्त करतो,' असं बाबा दरवर्षी आईला सांगतात. आई अजून त्यांना गरम गरम वाढते!"

"त्याचं इथे काय?"

"छप्पर आहे म्हणून तर गळतं! नसलेल्या पुलाचं आश्वासन एकच. असलेल्या पुलाला आज कठडे, उद्या रंग, परवा खड्डे... द्या की हवी तेवढी!"

साहेबांचे डोळे लकाकले. पण लगेच चेहरा पडला. "आणि पूल पक्का निघाला तर? दुरुस्तीच लागली नाही, तर मी मेलोच ना!"

"असं कसं होईल? कंत्राट तुमच्या मेहुण्यांनाच मिळणार ना?"

साहेब असे खो खो हसले, की कवळी सुटून पाण्याच्या ग्लासात पडली! ती पुन्हा बसवत ते ओरडले, "बांधा रे पूल, चांगला माणूस बघून! मेहुण्याला नुसता रंगाचा ठेका द्या, तो दर पावसाळ्यात उडेल नि तेवढ्यावर माझा जन्म निघेल! आणि पुलावरून पहिली गाडी या पोरीच्या भोपळ्यांची!"