कटचा एकच सदरा

फार वर्षांपूर्वी व्याकरणाच्या एका पुस्तकात इंग्रजी क्रियापदं राहत. प्रत्येकाचे तीन सदरे: आजचा, कालचा आणि काम उरकल्यावरचा. 'गो' तर कालसाठी थेट 'वेंट' होऊन मिरवायचा. 'कट'कडे मात्र एकच सदरा.

"काल हाच, आज हाच. लाज कशी वाटत नाही रे?" गो हसायचा. कट आपल्या कामाला लागायचा. त्याला केस, कापड, कधी लांबलेलं भाषणही कापायचं असे.

एकदा पुस्तकाला वाळवी लागली. आजचे सदरे तेवढे वाचले, बाकीचे तिनं फस्त केले. सकाळी बाईंनी पुस्तक उघडून विचारलं, "कालची गोष्ट कोण सांगेल?" सगळी क्रियापदं अंग चोरून बसली. कट उठला आणि आपल्या त्याच सदऱ्यात सांगू लागला.

गोष्ट संपल्यावर गो हळूच जवळ सरकला. "कटराव," तो म्हणाला, "तुमचा शिंपी कोण हो?"