नवाबचा कासरा

“मग ते बारा शब्द मलाच सांग की,” हसनबाबा म्हणाले.

अभयने मान वर केली. “तुम्हाला? कशाला, बाबा?”

“सहज. कानाला बरं वाटंल.”

“ते असे कुणाला सांगायचे नसतात.”

“मी फकीर माणूस. मला काय करायचंय?”

“तरीपण...”

“मग त्या चौकटीत कुणासाठी भरतुयास?”

अभयच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर बारा रिकाम्या चौकटी होत्या. शेजारी घोंगडीवर खिशातून काढलेला घडीचा कागद पडला होता. अजून एकही शब्द भरलेला नव्हता.

“ते माणसासाठी नाही, बाबा. मशीन तपासतं. शब्द भरले की हिरवी खूण येते, आणि घेणाऱ्याला कळतं की माल माझाच आहे. कुणी वाचत नाही.”

“कुणी वाचत न्हाई?”

“कुणी नाही.”

“मग लिवायचं कशाला?”

अभय हसला. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नांना शहरातली शिकलेली माणसं हसतात, तसा.

हा अभय लिगाडे पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. वय चौतीस, पगार चांगला, आणि आपल्या हुशारीबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दहा वर्षांपूर्वी मित्रांच्या नादाने त्याने थोडे बिटकॉइन घेतले होते. तेव्हा घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं. आज त्याच बिटकॉइनवर सगळ्या घराचे डोळे लागले होते.

कारण जुई. त्याची मुलगी, तीन वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. कानाच्या आत यंत्र बसवायचं तर आत्ताच, बोलायचं वय निघून गेलं की उपयोग कमी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोमवारी इस्पितळात पैसे भरायचे होते, आणि आज शनिवार.

बिटकॉइन विकायची रीतसर बाजारपेठ होती. पण तिथे कागदपत्रं तपासून पैसे बँकेत पडायला गुरुवार उजाडणार होता. तेवढ्यात दुबईचे कुणी मेहरासाहेब टेलिग्रामवर भेटले. बाजारभावाच्या वर पाच टक्के द्यायला तयार, तेही आजच. फक्त चार वाजायच्या आत, त्यांनी पाठवलेल्या पानावर बारा शब्द भरून, माल स्वतःचा असल्याची खात्री पटवायची होती.

देव पावला, असं अभयला वाटलं होतं.

मोठा व्यवहार हसनबाबांची दुआ घेतल्याशिवाय करायचा नाही, हा आईचा हुकूम. बाबा पूर्वी बैलबाजारातले हेडी होते. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. “चाळीस वर्षं हेडीपण केलं, पण एका माणसाला फसवलं नाही,” असं आई सांगायची. अभयच्या आजोबांचे बैल त्यांच्याच हातून विकले गेले होते.

एक दिवस बाबांनी धंदा सोडला, हिरवी कफनी घातली आणि बाजारपटांगणाच्या कडेला लिंबाखाली बसले. लोक त्या जागेला बाबांचा तकिया म्हणू लागले. सोबत एक म्हातारा खिलार बैल होता, नवाब. वय झालं म्हणून कुणी घेईना, तेव्हा बाबांनीच तो ठेवून घेतला.

पाच मिनिटांत दुआ घेऊन निघू, म्हणून अभय आला होता. त्याला अर्धा तास होऊन गेला. कारण बाबांचे प्रश्नच संपत नव्हते.

“बरं, त्यो तुजा माल दिसतो कसा?”

“दिसत नाही. म्हणजे... तसा सगळ्या जगाला दिसतो. त्याला एक पत्ता असतो. तो पत्ता टाकला की त्यावर किती बिटकॉइन आहेत ते कुणालाही कळतं.”

“कुणालाबी?”

“कुणालाही.”

“अन् ते बारा शब्द?”

“ते ज्याच्याकडे, त्याला माल हलवता येतो.”

बाबांचे डोळे लुकलुकले. गंमत वाटली की ते लहान मुलासारखे पुढे सरकून बसत. “असं हाय व्हय! म्हंजे बैल भर बाजारात उबा. समद्यास्नी दिसतोय. अन् तुज्या हातात नुस्ता कासरा.”

“हो... तसंच म्हणायचं.”

“मग बैल तर त्याला दिसतोच की. त्यो काय बघाया मागतोय?”

“बैल माझा आहे का, ते.”

“हां,” बाबा म्हणाले. “ह्यो सवाल खरा हाय.”

फोन वाजला. मेहरासाहेबांचा निरोप होता: तीन वाजून गेले, दुसरा विकणारा तयार आहे.

“बाबा, दुआ देता ना? मला उशीर होतोय.”

बाबा उठले. खुंट्याचा नवाबचा कासरा सोडला आणि अभयच्या हातात दिला. “धर. आता ह्यो बैल तुजा. मी गिऱ्हाईक. पटीव मला, तुजाच हाय म्हणून.”

“बाबा, आत्ता खेळ नको...”

“पटीव की, लेकरा!”

अभयने सुस्कारा सोडला. “माझाच आहे.”

“तोंडानं समदेच म्हंत्यात. कासरा दे इकडं, खात्री करून घेतो.”

अभयने कासरा दिला.

बाबांनी जीभ टाळूला लावून च्यक् केलं आणि चालू लागले. नवाब त्यांच्या मागे. लिंबाची सावली संपली, पटांगणाचं फाटक आलं, फाटक मागे पडलं. म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही.

अभय आधी नुसता बघत राहिला. मग लॅपटॉप बाजूला ठेवून धावत सुटला. “अहो बाबा! बैल कुठे घेऊन चाललात?”

“कुणाचा बैल?”

“माझा... म्हणजे आत्ताच तुम्ही म्हणालात...”

“कासरा कुणाच्या हातात हाय?”

...

अभय उन्हात उभा राहिला. काहीतरी त्याच्या डोक्यात शिरू पाहत होतं आणि ते शिरू नये असंही त्याला वाटत होतं. सोमवार डोळ्यांसमोर होता.

“पण मग दाखवायचं कसं?” तो चिडून म्हणाला. “खात्री पटवल्याशिवाय कोण पैसे देईल? तुम्ही नुसतं अडवताय. बाजारात तुम्ही काय करायचा?”

“आत्ता इचारलंस बघ!” बाबा खूश झाले. “चल, आता तू गिऱ्हाईक. मी धनी. काय करून दावू, ते तू सांगायचं. तुज्या मनात येईल ते.”

अभयने नवाबकडे पाहिलं. “त्याला मागे घ्या. तीन पावलं.”

बाबांनी कासरा सैलच ठेवला आणि घशातून हलकासा आवाज काढला. नवाब मागे सरला. एक, दोन, तीन, आणि थांबला.

“उजवा पाय उचलायला लावा.”

च्यक्. नाल ठोकायला उचलावा तसा नवाबने उजवा पाय उचलून धरला.

अभयला आता मजा वाटू लागली. “खाली बसवा.”

नवाबला ते फारसं पसंत नव्हतं. पण एक फुसकारा टाकून तो धुळीत बसला.

जिभेचा एवढासा आवाज, आणि हे मुकं जनावर ऐकत होतं. तीन वर्षं अभय जुईला हाका मारत होता आणि तिने एकदाही मान वळवली नव्हती. त्याने तोंड फिरवलं.

बाबांनी ते पाहिलं आणि नवाबला उठवलं.

मग ते म्हणाले, “पटलं का, बैल माजा हाय म्हणून?”

“पटलं.”

“अन् तुज्या हातात काय आलं?”

अभयने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं...

“थांबा,” तो म्हणाला. “थांबा, थांबा!”

तो लॅपटॉपकडे पळाला. चौकटींचं पान बंद केलं आणि आपलं बिटकॉइनचं पाकीट उघडलं. त्यात सहीची एक सोय होती. दहा वर्षं ती डोळ्यांसमोर होती आणि त्याने कधी तिला बोटही लावलं नव्हतं.

“बाबा, हे बघा! घेणाऱ्याने मला एक वाक्य द्यायचं. कुठलंही. मी इथूनच त्यावर सही करायची. ती सही माझ्या पत्त्याशी ताडून बघितली की त्याला कळतं, मालक हाच. आणि बारा शब्द आतच राहतात!”

“वाक्य कुणी द्यायचं?” नवाबला घेऊन मागोमाग आलेल्या बाबांनी विचारलं.

“त्याने.”

“आत्ताच्या आत्ता?”

“हो, ऐनवेळी. म्हणजे कुणाची जुनी सही उचलून आणता येत नाही.”

“मग सांग की त्याला. बघू तरी काय म्हंतोय.” बाबा त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावले. दोघंही आता जत्रेत खेळ बघायला बसल्यासारखे दिसत होते.

अभयने लिहिलं: तुम्हाला हवं ते साधं वाक्य द्या, सही करून पाठवतो.

बराच वेळ काहीच आलं नाही.

मग आलं: ही पद्धत आमच्याकडे चालत नाही, पानावर शब्द भरा.

लगेच दुसरं: बरं, तुमच्यासाठी बाजारभावाच्या वर सात टक्के.

“सात टक्के देतोय,” अभय पुटपुटला. हुशार माणसाच्या पोटातही हाव असते, आणि त्याला तर गरज होती.

“खात्री पटली का त्याची?”

“नाही.”

“अन् भाव वाढीवला?”

“हो.”

बाबांनी नवाबच्या मानेवर हात ठेवला. “दात बघितल्याबिगर जो भाव वाढीवतो ना लेकरा, त्यो बैल घ्यायला आलेला नसतो. कासरा घ्यायला आलेला असतो.”

फोन पुन्हा वाजला. मेहरासाहेब तयार झाले होते! ठीक आहे, सहीच करा, असं म्हणून त्यांनी सही करायचा मजकूर पाठवला होता.

“बघा, ऐकलं त्याने!” अभयचं बोट पुढे झालं.

“काय लिवलंय?”

अभयने पाहिलं. मजकूर म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब माळ. शेवटी चारच्या आत मान्यता द्या, एवढंच कळत होतं. कसली मान्यता, ते कुठेच नव्हतं.

“वाचता येत नाहीये.”

“तू तर शिकलेला हाईस.”

“हो, पण हे...”

“आमच्याकडची अडाणी माणसं,” बाबा सावकाश म्हणाले, “कागद वाचून घेतल्याबिगर अंगठा देत न्हाईत. शिकलेल्यांचं मला ठावं न्हाई.”

...

अभयचं बोट मागे आलं. त्याने मेहरासाहेबांना एक वाक्य स्वतःच सुचवलं: ‘आज शनिवार, हा पत्ता माझा आहे.’ एवढ्यावर सही करतो, म्हणून कळवलं.

चार वाजले. मेहरासाहेबांचं नाव आणि फोटो पडद्यावरून नाहीसे झाले. मागचे सगळे निरोपही पुसले गेले. दुबईचा माणूस चुना लावायला आला होता, आणि हुशार अभय पान पुढे करून बसला होता.

बारा चौकटी, बारा शब्द, दोन मिनिटांचं काम होतं. मग सोमवारी इस्पितळात तो काय सांगणार होता? जुईच्या आईला काय सांगणार होता?

त्याने आधी तिलाच फोन लावला. काही लपवलं नाही. ऋजुता म्हणाली, “मी इस्पितळात विचारते.” दहा मिनिटांनी तिचा फोन आला. पैसे शुक्रवारी भरले तरी चालतील, तारीख चार दिवस पुढे गेली, एवढंच.

“चार दिवस!” अभय म्हणाला. “चार दिवसांसाठी मी सगळं घालवत होतो.”

तिथेच बसून त्याने रीतसर बाजारपेठेत विक्रीचा अर्ज भरला. भाव जो आहे तो. बाबांनी तेवढ्यात चुलीवर चहा ठेवला आणि नवाबला कडबा घातला. दोघांनी चहा घेतला. जुईच्या कानात यंत्र कसं बसवणार, आत तार कुठवर जाते, पहिला आवाज तिला कसा ऐकू येईल, हे सगळं बाबांनी खोदून खोदून विचारलं.

“आणा तिला हितं,” ते म्हणाले. “नवाबच्या गळ्यात घुंगरू बांधतो.”

निघताना अभय बाबांच्या पाया पडला. मग घोंगडीवरचा घडीचा कागद त्याने उचलला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“बाबा, हे शब्द आता तुमच्यापाशीच राहू देत. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. चाळीस वर्षांत तुम्ही एका माणसाला फसवलं नाही, आई सांगते. तुमच्याइतकी खात्रीची जागा मला दुसरी नाही.”

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला. कागदाकडे न पाहता तो त्यावर टाकला, बाजारात सौद्याच्या वेळी हातांवर टाकतात तसा. मग रुमालासकट कागद अभयच्या खिशात कोंबला.

“न्हाई फसवलं, खरं हाय,” ते म्हणाले. “पण लेकरा, पैसं हातात पडल्याबिगर माज्या हातात कासरा देणारा... तुज्याआदी कुणी भेटलाच न्हवता.”