तळ्यावरची मुहूर्तमेढ

इनामदार रघोजीरावांनी बुजवलेल्या तळ्याची जागा नेमाशेट भुसाऱ्याच्या गळ्यात मारली. घराचा पाया तिसऱ्यांदा खचला, तेव्हा शेट वैतागून पंचांपुढे गेला. "जागा बदलून द्या, सरकार!" तो तिथं बसलेल्या इनामदारांना म्हणाला.

"जमीन कातळासारखी आहे. तुझे गवंडीच कुचकामी!" इनामदारांनी मिशीवर ताव दिला. पंचांनी माना डोलावल्या.

शेटनं कपाळावर हात मारला, मग हात जोडले. "चुकलंच माझं. तुमच्या लेकीचं, ताईसाहेबांचं लग्न आलंय ना? मुहूर्तमेढ माझ्याच जागेत रोवा, मांडव मी घालतो."

"वेडा की काय!" इनामदार ओरडले. "त्या भुसभुशीत भरावात मेढ कलली, तर केवढा अपशकुन!"

पंच त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मांडव चार दिवसांचा, सरकार," शेट म्हणाला. "मला तिथं जन्म काढायचाय."

पंचांनी त्याच बैठकीत इनामदारांकडून शेटला माळावरची जागा देववली. तिथं मात्र खरंच कातळ लागला.