लुमाचा कातळ

सावरखिंडीच्या तोंडाशी ही निरगुडीची जाळी आहे. तिच्याखालच्या या लांब कातळाला लुमाचा कातळ म्हणतात. चपला काढून या, इथे कुणी चपला घालून येत नाही.

लुमा हा देशमुखांचा मेणा वाहणारा भोई होता. एका पावसाळ्यात त्याच्या कमरेतून कळ निघाली, ती मांडीमागून थेट टाचेपर्यंत उतरली. चालताना तो गिधाडासारखा एक पाय ओढी. वैद्य या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, ते गृध्र म्हणजे गिधाड, त्यावरूनच. त्याची बायको तानू त्याला नारो वैद्यांकडे घेऊन आली. वैद्यांनी त्याला याच कातळावर पालथं निजवलं, कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल भरलं, निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला, पारिजातकाच्या पानांचा काढा पाजला. चाळीस दिवस ओझं उचलायचं नाही, असं बजावलं.

दहाव्या दिवशी तो उभा राहू लागला. अकराव्या दिवशी देशमुखांचा कारभारी आला. देशमुखांच्या लेकीचा मेणा खाली कोकणात पोचवायचा होता आणि पुढची दांडी धरणारा जाणता भोई दुसरा नव्हता. लुमाने वैद्यांकडे पाहिलं.

"वैद्यबुवा, तुम्ही सांगाल तसं. जाऊ का?"

वैद्यांचं घर देशमुखांच्याच जागेत होतं, म्हणे. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "जा."

खिंड उतरताना दुसऱ्या वळणावर लुमाचा पाय बधिर होऊन दुमडला. मेणा कड्याला टेकून अडकला, लेक वाचली. लुमा दांडीखाली सापडला. त्याला परत इथेच आणलं, तेव्हा कमरेखाली त्याला चटकाही कळत नव्हता. वैद्य तीन महिने तेल चोळत राहिले. शिमग्याच्या आधी तो गेला.

तानू रडली नाही, असं सांगतात. ती एवढंच म्हणाली, "औषध तुमचं बरं होतं. पण चाळीस दिवस माझ्या माणसाचं ओझं घ्यायला कुणी नव्हतं."

त्या दिवशी वैद्यांनी कातळावर हात ठेवून शपथ घेतली. आजही त्यांच्या वंशातले वैद्य रोग्याची नाडी धरण्याआधी सोबत आलेल्यांना विचारतात, "चाळीस दिवस याचं ओझं कोण उचलणार?" कुणीतरी कातळाला हात लावून "मी" म्हणेपर्यंत तेल चुलीवर चढत नाही. लांबून आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. बरीच तशीच माघारी जातात.